डुलणं मागून येतं

आमच्या घरात इंग्रजीचं सगळं काम माझ्याकडे असतं. औषधाच्या बाटलीवरचं, मिक्सरच्या खोक्यावरचं, बँकेच्या मेसेजमधलं. आई कागद आणून माझ्यासमोर धरते आणि नुसती उभी राहते. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. माझ्या वेळेपर्यंत गंगाखेडात इंग्लिश मीडियमची शाळा निघाली होती आणि तिची पिवळी बस आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची, म्हणून मी तिकडे गेले. आमच्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. दादाला त्या शाळेचं कधी वाईट वाटलं नाही. उलट पाहुणे आले की तोच सांगायचा, "आमची बाई इंग्लिशमधीच भांडती." हे खरं नाही. मी कुठल्याच भाषेत फारशी भांडत नाही.

दादा मोटारसायकलच्या शर्यतीत उतरतो. गंगाखेडात हे सांगितलं की लोकांना आधी बैलांचा शंकरपट वाटतो. मग वाटतं, रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्या टवाळ पोरांपैकी असेल. तसं काही नाही. वर्षातून तीन-चार वेळा तो टेम्पोत गाडी घालून दक्षिणेतल्या ट्रॅकवर जातो, जाड कातडी सूट घालतो, नियमाने धावतो आणि बहुतेक वेळा मधल्या नंबरात येऊन परत येतो. बाकीचे दिवस तो पप्पांसोबत गॅरेजमध्ये ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो. गाडी सहाशे सीसीची आहे, पुण्याच्या एका माणसाची जुनी. दिवे, आरसे, नंबरप्लेट सगळं काढून टाकलंय. मला ती पाहिली की पिसं काढलेल्या पक्ष्यासारखी वाटते, पण हे मी दादाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ट्रॅकवर पडून दादाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून पप्पांनी त्या गाडीला हात लावला नाही. जाऊ नको असंही ते कधी म्हणाले नाहीत. "पाऊस येईल, तिला आत घे," एवढंच म्हणायचे, आणि स्वतः पाने घेऊन ट्रॉलीखाली आडवे व्हायचे.

या वर्षी दिवाळीनंतर गाडीने नवीनच खोड काढली. सरळ रस्त्यावर एकशेसाठच्या पुढे गेली की ती धड राहीना. वर्षातली शेवटची शर्यत दोन आठवड्यांवर होती. दादा म्हणाला, "अशीच ऱ्हायली तर मी न्हाई जायचा." पण त्याने टेम्पोवाल्याला शनिवारचं सांगून ठेवलं होतं, तेही मला माहीत होतं. तो जाणार नाही याची मला थोडी भीती होती. तसाच जाईल याची फार.

गाडीचे शॉकअप लावून देणारे एक वयस्कर गृहस्थ कोइमतूरला असतात. दादाची आणि त्यांची ओळख ट्रॅकवरची. आम्ही त्यांना सर म्हणतो. त्यांना तमिळ आणि इंग्रजी येतं, दादाला दोन्ही येत नाहीत. त्यामुळे दादा सांगणार, मी इंग्रजीत लिहिणार, सरांचं उत्तर येणार, मी ते दादाला सांगणार, अशी आमची पद्धत आहे.

त्या दुपारी मी गॅरेजमध्ये ट्रॅक्टरच्या आडव्या टायरवर फोन घेऊन बसले होते. सरांनी सात-आठ प्रश्न पाठवले होते. किती वेगाला होतं, ॲक्सिलरेटर सोडला की थांबतं का, असे.

"नक्की काय होतंय?" मी विचारलं.

"डुलायलीय."

"म्हणजे कशी?"

"डुलायलीय म्हंजे डुलायलीय, माय. आता डुलण्याला आनखी काय म्हणू?" मग त्याने डोळे मिटले, हवेत दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि कमरेपासून हळूहळू डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे झुकत राहिला. "असं. हातात येतंय सगळं."

मी बारकाईने बघणारी आहे असं मला वाटतं. बोलत नाही, म्हणून बघते. त्या दिवशी मी फक्त त्याचे हात बघितले.

डुलणं हा शब्द मला मराठीच्या पुस्तकातून माहीत होता. वाऱ्यावर पिकं डुलतात. छान, निवांत शब्द. तो लिहिला तर सरांना यात काही गंभीर वाटणारच नाही, असं मला वाटलं. हातात येतंय म्हणजे हँडल हलतंय, आणि हलण्याला माझ्याकडे लहानपणापासूनचा एक शब्द तयार होता, वॉबल. पहिलीच्या पुस्तकात ताटलीतली जेली वॉबल करायची. सरांचा पुढचाच प्रश्न होता, हे पुढून येतं की मागून? तो मी दादाला विचारलाच नाही. स्वतःच लिहून टाकलं, पुढून.

सरांचं उत्तर लगेच आलं. हँडलच्या दांड्यातले छर्रे तपासा. पुढच्या टायरची हवा बघा. आणि डॅम्पर आवळा. हँडलला आडवी बसवलेली वीतभर नळी म्हणजे डॅम्पर. तिच्यात तेल असतं, ती हँडलला झटके मारू देत नाही. तिच्या डोक्यावरचा खटका फिरवत जावं तसं हँडल जड होत जातं. छर्रे चांगले निघाले, हवा बरोबर होती. दादाने डॅम्पर चार खटके आवळला.

पालमच्या बाजूला बायपासचा एक तुकडा तयार होऊन पडला होता, उद्घाटन बाकी. दोन्ही तोंडांना मुरमाचे ढीग घातले होते, त्यामुळे गाड्या नव्हत्या. होतं ते सोयाबीन. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी अर्ध्या रस्त्यावर लांबच लांब सोयाबीन वाळत घातलं होतं. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर दादा गाडी बघायचा. आधी स्वतः खराटा घेऊन खडे झाडायचा. तिथे एक मावशी पायाने सोयाबीन पालथं करत असायच्या. आम्हाला पाहून म्हणायच्या, "आले इमानवाले." इमान म्हणजे विमान.

त्या दिवशी दादा गेला, आवाज बारीक होत होत नाहीसा झाला, मग परत येऊ लागला आणि मध्येच एकदम पडला. गाडी नाही, आवाज पडला. बऱ्याच वेळाने तो हळूहळू चालवत आला. सोयाबीनमधून एक वाकडा पट्टा उमटला होता.

"अरे बाबा," मावशी म्हणाल्या, "वाळू घातलंय ते. मळायला न्हाई घातलं."

दादा हसला नाही. त्याला हातमोजा काढता येईना, मी बोटं धरून ओढून काढला. आतला हात ओला आणि गार होता.

"जास्तच डुलायली," तो म्हणाला. "थांबतच नव्हती."

मी सरांना लिहिलं, वॉबल वाढलंय. सरांनी कळवलं, आणखी दोन खटके आवळून उद्या सकाळी पुन्हा बघा, पण जपून.

संध्याकाळी आईने चहाचा तांब्या देऊन मला गॅरेजमध्ये पाठवलं. कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एक ड्रायव्हर पप्पांशी वाद घालत होता.

"ट्रॅक्टरच खराब हाय, मिस्त्री. हँडल धरवंना मला. हे बघा हात."

"काय करायलंय?"

"डुलायलंय. पार ह्या कडंचं त्या कडंला जायलंय."

पप्पा ट्रॅक्टरकडे वळलेसुद्धा नाहीत. सरळ मागे गेले, ट्रॉलीच्या जोडाशी उकिडवे बसले आणि पिन हलवून पाहिली. पिन भोकात खडखड वाजली. भोक झिजून लांबट झालं होतं.

"हे बघ. पुढं काय बघायलास?"

"पन डुलतंय तर ट्रॅक्टर ना?"

"अरे, डुलणं मागून येतं. थरथरलं असतं तर मी पुढं बघितलं असतं. मागचं मोकळं सुटलं की पुढच्याला घेऊन डुलतंय. तू हँडल आवळून धरलास का?"

"मंग काय करू? सोडून देऊ?"

"आवळलं की आनखी डुलणार." पप्पांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. "बाई, कप कुटं हायेत?"

कप मी घरीच विसरले होते. ते आणायला निघाले आणि गॅरेज आणि घर यांच्या मधल्या बोळात उभी राहिले. डुलणं मागून येतं. दादा कमरेपासून डुलून दाखवत होता. त्याने अख्ख्या अंगाने स्पष्ट सांगितलं होतं, मी नुसते हात बघितले होते.

मी फोनवर शोधलं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. हँडल भराभर थरथरतं ते वॉबल. अख्खी गाडी संथपणे या कडेची त्या कडेला जाते ते वीव्ह. वीव्ह मला येत होता. वीव्ह म्हणजे विणणे, कोळी जाळं विणतो, असं पाठ केलं होतं आणि बरोबरचं चिन्ह मिळालं होतं. खाली एक ओळ होती, डॅम्पर फाजील आवळला तर वॉबल दबतं पण वीव्ह वाढू शकतं. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दादाचा ओला हात आठवला. ते गाडीने केलं नव्हतं, मी केलं होतं.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. जेवताना दादा समोर होता, आई त्याला तूप वाढत होती आणि म्हणत होती, "उद्या हळू चालव, का बाईला संग नेतोस तर तिला दाखवायला जोरात चालवतोस?" मी वरणात भाकरी कुस्करत राहिले. माझी चूक निघाली तर या घरात मी कोण, असा काहीतरी विचार मनात होता. इतका लहान विचार की तो लिहितानाही कानकोंडं होतं. सरांना लिहायला फोन काढला, अर्धं वाक्य लिहिलं, पुसलं.

सकाळी पुन्हा बायपास. दादाने डॅम्पर आणखी दोन खटके आवळला होता. इंजिन गरम होत होतं. त्याने हेल्मेटची काच खाली केली आणि मला बाजूला हो म्हणून हात केला. मी बाजूला झाले नाही. त्या गाडीच्या हँडलवर उजव्या हाताशी एक लाल बटण असतं, पडल्यावर इंजिन बंद करायचं. मी ते दाबलं.

एकदम इतकं शांत झालं की मावशींच्या पायाखालचं सोयाबीन वाजताना ऐकू आलं.

"काय गं?"

"दादा, मी चुकीचं लिहिलं."

"काय चुकीचं?"

"डुलायलीय म्हणालास ना तू. मी गाडी थरथरते असं लिहिलं. पुढून येतंय असं लिहिलं."

त्याने काच वर केली. "मी पुढून कवा म्हणलो?"

"नाही म्हणालास. मी विचारलंच नाही. डॅम्पर आवळल्यामुळे वाढलंय ते. माझ्यामुळे."

तो गाडीवर तसाच बसून राहिला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मला वाटतं, तो कालचा पट्टा मनात पुन्हा चालवून बघत होता.

"तुला कसं कळलं?"

"काल पप्पा ट्रॉलीवाल्याला म्हणाले. डुलणं मागून येतं."

हेल्मेटच्या आत दादा हसू लागला. आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. "म्हंजे बारा वर्षं ज्या माणसासंग काम करतो, त्येला सोडून आपण कोइमतूरला इचारायलो."

मी रडत होते हे मला तेव्हाच कळलं.

"भ्यालीस का काल?" त्याने विचारलं.

"हो."

"मी बी," तो म्हणाला आणि गाडीवरून उतरला. आम्ही दोघांनी ती ढकलत टेम्पोकडे नेली. मावशी मागून म्हणाल्या, "आज इमान न्हाई का उडायचं?"

गॅरेजमध्ये दादाने मागचं चाक स्टँडवर उचललं आणि धरून हलवून पाहिलं. काही लागेना. मीही पाहिलं. पप्पा पलीकडे वेल्डिंग करत होते. काच डोळ्यांवर होती, पण ठिणग्या बंद होत्या.

"त्या स्टँडवर काय कळंल?" शेवटी ते म्हणाले. "चिमट्यालाच टेकू देऊन चिमटा बघायलात."

मागचं चाक ज्या दोन हातांमध्ये बसतं त्याला चिमटा म्हणतात. स्टँड त्यालाच खालून धरतो, त्यामुळे तो सैल असला तरी दबून राहतो. पप्पांनी ट्रॅक्टरचं इंजिन उचलायची साखळी पुढे ओढली. मग थांबले, आत गेले, गोणपाट आणलं आणि साखळी लागेल तिथे गाडीला नीट गुंडाळलं, रंग जाऊ नये म्हणून. दोन वर्षांनी त्यांनी तिला हात लावला होता. दादा माझ्याकडे बघत नव्हता, मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

गाडी साखळीला लोंबकळली. पप्पांनी माझा हात धरून चिमटा आणि सांगाडा जिथे जोडलेत तिथे ठेवला, दोन बोटं इकडे, अंगठा तिकडे.

"माझ्या बोटाला काय कळंना आता, घट्टे पडले. तू बघ. डोळे मीट." मग दादाला म्हणाले, "हलव. दमानं."

आधी काहीच नाही. मग अंगठ्याखाली काहीतरी अगदी बारीक सरकलं. परत आलं. मनगटाची नाडी सापडते तसं.

"आहे," मी म्हणाले.

"कुटं? डावीकडं का उजवीकडं?"

मी घाई केली नाही. पुन्हा हलवायला सांगितलं, मग दुसरीकडे हात ठेवून पाहिलं. "डावीकडे. उजवीकडे काहीच नाही."

खोललं तेव्हा डाव्या बाजूच्या बेअरिंगमध्ये ग्रीसचा पत्ता नव्हता, नुसती तांबडी गंजाची पूड. पप्पांनी ती दादाच्या तळहातावर ठेवली.

"धुतोस कशानं तिला?"

"पंपानं."

"ट्रॅक्टर धुवायच्या?"

"हाव."

"मंग ग्रीस ऱ्हाईल का आत? ते चिखलासाठी हाय, बाबा. ही काय नांगरट करून येती का?"

मी सरांना लिहिलं. मी तुम्हाला चुकीचा शब्द दिला, भावाने बरोबर सांगितलं होतं, पुढून नाही, मागून आहे, वीव्ह आहे. पाठवायला बराच वेळ लावला, कारण पहिल्या अर्ध्या वाक्यात सबब शिरत होती आणि मी ती काढत होते. सरांचं उत्तर आलं, "मग मी सांगितलेलं सगळं उलटं करा." थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. भाऊ मूळ जो शब्द वापरतो तोच यापुढे पाठव, अर्थ आपण दोघं मिळून लावू.

बेअरिंग नांदेडहून एस.टी.ने आलं, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवून. पप्पांनी ते स्वतः बसवलं. दादाला फक्त बत्ती धरू दिली.

शुक्रवारी सकाळी पप्पा बायपासला आले नाहीत. ट्रॉली आहे म्हणाले. दादाने डॅम्पर सहाच्या सहा खटके मोकळा केला, काच खाली केली, लाल बटणाकडे बोट दाखवून मला विचारलं, दाबतेस का? मी मान हलवली. तो गेला.

आवाज बारीक झाला, नाहीसा झाला. मावशी पालथं करायचं सोडून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सोयाबीनची धूळ लागलेला हात माझ्या पाठीवर ठेवला. मग आवाज परत आला, चढत गेला, चढतच राहिला, आणि दादा आमच्या समोरून रेघ मारल्यासारखा गेला.

वळून आला, हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते.

"डुलायली का?" मी विचारलं.

"न्हाई." मग विचार करून म्हणाला, "डुलत न्हाई. पन मधी एक सांधा हाय ना रस्त्याला, त्याच्यावरून जाताना पुढं जरासक फडफडली."

मी फोन काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"फडफडली का थरथरली?"

"फडफडली."

"हातात आलं का बुडाखाली?"

"हातात."

"किती वेळ?"

"तू 'एक' म्हणूस्तर. मंग आपोआप गेली."

मी पुन्हा विचारलं, तो न कंटाळता पुन्हा सांगत होता, हातांनी, खांद्यांनी, आणि या वेळी मी नुसते हात नाही, अख्ख्या दादाला बघत होते. मग मी आधी मराठीत लिहिलं, फडफडली, पुढं, जरासक. त्याखाली इंग्रजीत. वॉबल हा शब्द त्या दिवशी बरोबर जागी बसला. सरांनी एक खटका आवळायला सांगितला. एकच.

शनिवारी टेम्पो गेला. आठवड्याने रविवारी दुपारी दादाचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. तो मधल्याच नंबरात आला होता, नेहमीसारखा. आईने हात जोडून देव्हाऱ्याकडे बघितलं. पप्पांनी नंबर विचारला नाही. घास हातात धरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "डुलली का, इचार त्येला."

मी विचारलं, आणि दादा जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगितलं, "जरासक बी न्हाई."